डॉक्टरेटनंतर परदेशीं



पदार्थविज्ञानांत डॉक्टरेट मिळविलेल्या मुलामुलींनीं परदेशांत संशोधनाची जागा कशी शोधावी, हा आजचा विषय आहे. विषय ऐकून कोणी म्हणेल, हें मुंबईपुण्याच्या लोकांपुढें बोलावें; मलकापुराशीं त्याचा काय संबंध? तर आधीं मलकापूर कोणतें तें सांगितलें पाहिजे. कारण हें नांव घेतलें कीं निम्म्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढें बुलढाणा जिल्ह्यांतलें रेल्वे स्टेशन उभें राहतें, आणि उरलेल्यांपैकीं कित्येकांना कऱ्हाडशेजारचें मलकापूर आठवतें. मी म्हणतों तें कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यांतलें. कोल्हापुराहून रत्नागिरीस जाणाऱ्या रस्त्यावर, आंबा घाट लागण्याच्या अलीकडे. विशाळगडच्या जहागिरीचा कारभार एके काळीं येथून चालत असे. पावसाळ्यांत येथें छत्री हातांतून सुटत नाहीं. अशा या गांवांतल्या व भोंवतालच्या वाड्यांतल्या घरांत आज ‘पोस्ट-डॉक’ हा शब्द ऐकूं येतो, आणि तो उच्चारणाऱ्या आईबापांना त्याचा नेमका अर्थ ठाऊक नसला तरी त्यांतली काळजी पुरती ठाऊक असते.

अर्थ साधा आहे. डॉक्टरेट झाल्यावर कायमची नोकरी लागेपर्यंत एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखालीं किंवा एखाद्या शिष्यवृत्तीवर एक, दोन किंवा तीन वर्षें पगारी संशोधन करणें, यास पोस्ट-डॉक म्हणतात. ही नोकरी खरी, पण मुदतीची. शिक्षण खरें, पण पदवी न देणारें. म्हणूनच शेजारच्या काकू विचारतात, “अजून शिकतेच आहे का मुलगी?” आणि या प्रश्नाला होकार दिला तरी खोटें, नकार दिला तरी खोटें. न्हाव्याच्या हाताखालीं शिकलेला मुलगा दुकान घालण्यापूर्वीं शहरांतल्या मोठ्या दुकानांत दोन वर्षें उभा राहतो, तसेंच हें आहे असें मी एका गृहस्थांना सांगितलें, तेव्हां त्यांना तें लगेच पटलें. त्यांच्या मुलीला मात्र उपमा आवडली नाहीं.

ही पद्धत फार जुनी नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ सालीं, अमेरिकेंत रॉकफेलर यांच्या पैशांतून पदार्थविज्ञान व रसायन या विषयांतील तरुण डॉक्टरांसाठीं अशा शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, आणि थोड्याच वर्षांत युरोपांतहि पसरल्या. परंतु आपल्या देशांतल्या माणसाला त्या काळीं जागा शोधावी लागे ती बहुधा पत्र लिहून. १९२४ सालीं ढाक्याच्या विद्यापीठांत रीडर असलेल्या सत्येंद्रनाथ बोस यांनीं आपला एक छोटा निबंध थेट आइन्स्टाइन यांच्याकडे बर्लिनला पाठवून दिला. ओळख नाहीं, शिफारस नाहीं. आइन्स्टाइननीं तो स्वतः जर्मनींत भाषांतरून छापविला आणि बोसना एक पोस्टकार्ड लिहिलें. दोन वर्षांच्या रजेसाठीं बोस यांचा अर्ज विद्यापीठापुढें होता. तें कार्ड पाहतांच तो मंजूर झाला, आणि जर्मन वकिलातीनेंहि तें पाहून परवान्याची फी घेतली नाहीं असें सांगतात. पुढें पॅरिस आणि बर्लिन येथें त्यांनीं सुमारें दोन वर्षें काढलीं. आजचा विद्यार्थी जो ई-मेल पाठवितो त्याचा खापरपणजोबा हें पत्र होय. फरक एवढाच कीं, बोस यांनीं “मला जागा द्या” असें लिहिलें नव्हतें. “माझें हें काम पाहा” असें लिहिलें होतें.

कोल्हापूरचें उदाहरण हवें असेल तर नारळीकर पितापुत्रांचें आहे. विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म कोल्हापुरांत १९०८ सालीं झाला. मुंबईची पदवी घेऊन ते १९२८ मध्यें केंब्रिजला गेले, आणि १९३२ सालीं मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून काशीच्या हिंदु विद्यापीठांत परत आले. त्यांचे चिरंजीव जयंतराव, जन्म कोल्हापूरचाच, १९३८ सालचा. १९६३ मध्यें केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं डॉक्टरेट पुरी केली आणि त्याच वर्षीं तेथील किंग्ज कॉलेजचे ते फेलो झाले. नांव वेगळें असलें तरी ही फेलोशिप म्हणजे जवळजवळ पोस्ट-डॉकच. १९७२ सालीं ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले, १९८८ मध्यें पुण्यास ‘आयुका’ उभी केली, आणि २०२५ च्या मे महिन्यांत पुण्यास निवर्तले. बाप चार वर्षांत परतला, मुलगा पंधरा वर्षांनीं. दोघांनाहि परतल्यावर करण्याजोगें मोठें काम हातीं आलें, ही गोष्ट मात्र लक्षांत ठेवावी. जाण्याची चिंता सगळे करतात, परतण्याची थोडे.

परंतु या थोरांच्या गोष्टी सांगून मलकापूरच्या मुलाचें काम होत नाहीं. केंब्रिजचा रँग्लर होणारा विद्यार्थी शतकांत एखादा निघतो. सामान्य बुद्धीच्या, कष्टाळू, मराठी माध्यमांतून आलेल्या मुलासाठीं जी वाट तयार झाली ती कोल्हापुरांतच झाली, आणि ती केंब्रिजला न जाता कोरियाला गेली. तिची हकीकत मला अधिक मोलाची वाटते.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची. तेथील पदार्थविज्ञान विभागानें पुढें एका विषयांत मन घातलें, तो म्हणजे पातळ थरांचें शास्त्र. कांचेच्या किंवा पोलादाच्या पट्टीवर एखाद्या पदार्थाचा केसाहून शेंकडों पटींनीं पातळ असा थर बसवावयाचा आणि त्याचे विद्युत् व प्रकाशविषयक गुण तपासावयाचे. मोठ्या संस्थांत असे थर निर्वात पात्रांत बसवितात. त्याला पंप लागतात, ते पंप परदेशाहून येतात, बिघडले तर महिनेच्या महिने तसेच पडून राहतात. कोल्हापुरानें दुसरी रीति धरली. कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया यांचें द्रावण चंचुपात्रांत घ्यावें, त्यांत कांचपट्टी उभी ठेवावी, बेताची ऊब द्यावी, कीं कांहीं वेळांत पट्टीवर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर धरतो. किंवा तापलेल्या पट्टीवर द्रावणाचा फवारा मारावा. किंवा, १९८५ सालीं फ्रान्समध्यें निकोलो यांनीं मांडलेल्या पद्धतीप्रमाणें, चार पात्रें ओळीनें ठेवावीं: पहिल्यांत धन अयनांचें द्रावण, दुसऱ्यांत पाणी, तिसऱ्यांत ऋण अयनांचें द्रावण, चौथ्यांत पुन्हां पाणी. पट्टी क्रमानें चारींत बुडवावयाची, आणि हें चक्र पन्नास वेळां, शंभर वेळां, दोनशें वेळां फिरवावयाचें. प्रत्येक फेरींत अणूंच्या थोड्याशा पदरांइतका थर चढतो. कंटाळवाणें काम, पण स्वस्त, आणि हाताला शिस्त लावणारें. डॉ. चंद्रकांत लोखंडे, डॉ. प्रमोद पाटील आदि प्राध्यापकांनीं विद्यार्थ्यांच्या पिढ्या या कामावर तयार केल्या. माने व लोखंडे यांनीं २००० सालीं या रासायनिक पद्धतींचा जो विस्तृत आढावा ‘मटेरियल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स’ या नियतकालिकांत छापला, तो जगभरच्या संशोधकांनीं वापरला.

आतां योगायोग पाहा. स्वित्झर्लंडमध्यें १९९१ सालीं ओरेगन आणि ग्रेट्झेल यांनीं रंगद्रव्याच्या मदतीनें चालणारा सौर घट दाखविला. तोहि निर्वात पात्रावांचून, द्रावणांतून बनणारा. विजेचा भार सांठविणाऱ्या सुपरकपॅसिटरांचें संशोधन वाढलें, त्यालाहि पोलादी पट्टीवर धातूंच्या ऑक्साइडचे सच्छिद्र थर हवेच होते. दक्षिण कोरियानें १९९९ मध्यें ‘ब्रेन कोरिया’ नांवाची मोठी योजना काढून विद्यापीठांतल्या संशोधनास पैसा दिला. तेथल्या प्रयोगशाळांत यंत्रें आलीं, पण पहांटे येऊन पात्रांपाशीं उभे राहणारे हात कमी पडूं लागले. ते हात कोल्हापुरांत होते. एक गेला, त्यानें चांगलें काम केलें, प्राध्यापकानें विचारलें, तुझ्यासारखा आणखी कोणी आहे काय? दुसरा गेला. सेऊल, ग्वांगजू ही नांवें अशा रीतीनें आमच्या तालुक्यांतल्या घरांत आलीं. पुढें २०१२ सालीं सुंगक्युंगक्वान विद्यापीठांत पार्क नाम-ग्यू यांनीं पेरोव्स्काइट या द्रव्याचा टिकाऊ घन सौर घट करून दाखविला, तेव्हां तर द्रावणांतून थर बसविणारा माणूस म्हणजे सोन्याचें नाणें झाला.

या वाटेचा मला अभिमान आहे, तरी तिच्याविषयीं एक कटु गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. मळलेल्या वाटेवर पावलें आपोआप पडतात. एकाच ऑक्साइडचा थर, एकाच पद्धतीनें, फक्त एक मिश्रण बदलून, असे पन्नास निबंध कोणी छापले म्हणजे त्याची यादी लांब होते, ज्ञान लांब होत नाहीं. आणि निवड करणाऱ्या प्राध्यापकाला हें पहिल्या पानावरच दिसतें. परदेशीं जाऊन तेंच पात्र आणि तीच पट्टी बुडवावयाची असेल तर कोल्हापूर काय वाईट होतें? जो तेथें जाऊन सिंक्रोट्रॉनचा क्ष-किरण वापरावयास शिकला, किंवा थराच्या आंत काय घडतें त्याचें गणित मांडावयास शिकला, त्याचीं दोन वर्षें सार्थकीं लागलीं असें मी समजतों.

आतां जागा शोधण्याविषयीं. सगळ्यांत महत्त्वाचें काम पत्राचें, आणि सगळ्यांत अधिक हेळसांड त्याचीच होते. मीं अशीं बरींच पत्रें वाचलीं आहेत. “परमपूज्य महोदय, आपल्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेंत काम करण्याची माझी लहानपणापासूनची इच्छा आहे” अशी सुरुवात, मग आपली संपूर्ण कुंडली, आणि शेवटीं “कृपया संधि द्यावी.” हें पत्र दोनशें पत्त्यांवर एकाच रात्रींत जातें. कधीं कधीं आदल्या प्राध्यापकाचें नांवहि बदलावयाचें राहून जातें. ज्याच्याकडे रोज अशीं दहा पत्रें येतात तो तें तीन सेकंदांत पुसून टाकतो, आणि त्याला दोष देतां येत नाहीं.

चांगलें पत्र दहाबारा ओळींचें असतें. त्यांत पहिली ओळ प्राध्यापकाच्या कामाविषयीं असावी, आणि ती स्तुति नसावी. समजा, त्यांच्या एखाद्या निबंधांत थर कांहीं हजार फेऱ्यांनंतर उलतो असें म्हटलें आहे, आणि तुमच्या प्रबंधांत उलणें टाळण्याचा उपाय सांपडला आहे; तर तेंच लिहावें, आणि आपल्या निबंधांतली नेमकी आकृति दाखवावी. दुसऱ्या परिच्छेदांत आपणांस कोणतीं यंत्रें स्वतःच्या हातानें चालवितां येतात तें सांगावें. ‘ओळख आहे’ आणि ‘चालवितां येतें’ यांत अंतर आहे, आणि मुलाखतींत तें अंतर उघडें पडतें. मग डॉक्टरेट कधीं पुरी होते, केव्हां येऊं शकतों, पैसा त्यांच्याकडून हवा आहे कीं स्वतः शिष्यवृत्तीचा अर्ज करण्याची तयारी आहे, हें स्पष्ट सांगावें. एवढें पुरे. असें एक पत्र लिहावयास दोन दिवस लागतात, म्हणून दोनशें पत्रें लिहितां येत नाहींत. तीस-चाळीस लिहितां येतात. त्यांतून चार उत्तरें आलीं तर पीक बरें आलें म्हणावें. उत्तर न आल्यास दोन आठवड्यांनीं एकदां, फक्त एकदांच, आठवण द्यावी.

शिफारसपत्रांची गोष्ट याहून नाजूक आहे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं विद्यार्थ्यानेंच पत्र लिहावयाचें आणि सरांनीं सही करावयाची अशी वहिवाट पडली आहे. मग तीन सरांचीं तीन पत्रें एकाच भाषेंत, एकाच चुकांसह परदेशीं जातात. वाचणारा मुकाट्यानें तिन्ही बाजूला ठेवतो. सरांना वेळ नसतो हें खरें. पण मुलानें आपल्या कामाचे मुद्दे एका कागदावर लिहून द्यावे आणि पत्र सरांनींच लिहावें, एवढा आग्रह आदरानें धरतां येतो. शक्य तर एक पत्र आपल्या विद्यापीठाबाहेरच्या माणसाचें असावें. परिषदेंत ज्यानें तुमच्या फलकापाशीं पांच मिनिटें थांबून प्रश्न विचारला तो माणूस यासाठीं उपयोगी पडतो.

जे प्रयोग करीत नाहींत, केवळ गणितानें पदार्थविज्ञान करतात, त्यांचा बाजार निराळा आहे. तेथें प्राध्यापकाला खाजगी पत्र लिहून फारसें साधत नाहीं. जाहिराती निघतात, बहुधा सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत, आणि पुढच्या वर्षाच्या शरदऋतूंतल्या जागा त्या हिवाळ्यांतच भरल्या जातात. खगोलशास्त्रांत तर अमेरिकेंतल्या संस्थांनीं असा संकेत ठेवला आहे कीं, १५ फेब्रुवारीपूर्वीं उमेदवारावर होकाराची सक्ति करूं नये. ज्यानें मार्चमध्यें प्रबंध सादर करून एप्रिलमध्यें शोध आरंभला त्याचें एक वर्ष गेलेंच. आमच्या बाजूच्या मुलांचीं वर्षें अशीं जातात. बुद्धि कमी म्हणून नव्हे, तर पंचांग ठाऊक नसतें म्हणून.

शिष्यवृत्त्यांनाहि त्यांचीं त्यांचीं पंचांगें आहेत. युरोपियन संघाची मारी क्युरी यांच्या नांवाची शिष्यवृत्ति घ्यावयाची तर डॉक्टरेटनंतर संशोधनाचीं आठ वर्षें उलटलेलीं नसावींत, आणि ज्या देशांत जावयाचें तेथें गेल्या छत्तीस महिन्यांत बारा महिन्यांहून अधिक वास्तव्य नसावें. जपानच्या सरकारी शिष्यवृत्तीला डॉक्टरेटपासून सहा वर्षांची मर्यादा आहे. जर्मनीची हुम्बोल्ट शिष्यवृत्ति वर्षांत केव्हांहि मागतां येते, पण यजमान प्राध्यापकाचा होकार आधीं मिळवावा लागतो. भारत १६ जानेवारी २०१७ पासून जिनीव्हाच्या ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेचा सहयोगी सभासद आहे, त्यामुळें तेथील मुदतीच्या जागांसाठीं आपल्या मुलांना अर्ज करतां येतो. हें अजून पुष्कळांना माहीत नाहीं. अमेरिकेचें दार सध्यां जड झालें आहे. २०२५ च्या सप्टेंबरांत एच-१बी या परवान्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचा आकार जाहीर झाला. विद्यापीठें पोस्ट-डॉकला बहुधा जे-१ हा वेगळा परवाना देतात, तरीसुद्धां कोणत्या परवान्यावर नेमणूक आहे तें होकार देण्यापूर्वींच विचारावें.

आणि एक इशारा. जागा देण्यासाठीं जो पैसे मागतो तो जागा देणारा नव्हे. खरी प्रयोगशाळा उमेदवाराकडून कसलीहि फी घेत नाहीं. ‘पहिले सहा महिने आपल्या खर्चानें या, मग पाहूं’ असें सांगणाराहि तितकाच संशयास्पद समजावा, मग तो कितीहि मोठ्या विद्यापीठाचा कां असेना.

पगाराचा आंकडा ऐकून घरचीं माणसें हुरळून जातात, म्हणून तेंहि सांगतों. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें २०२४ सालीं नव्या पोस्ट-डॉकसाठीं वर्षाला ६१,००८ डॉलर ही पातळी ठरविली. तो जीवशास्त्राचा दर, पण अनेक विद्यापीठें इतर विषयांतहि त्याच्याकडे पाहून पगार ठेवतात. रुपयांत गुणाकार केला तर डोळे दिपतात. परंतु बोस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्को येथें त्यांतला मोठा वांटा घरभाड्यांतच जातो. गुणाकार करावा, पण भागाकारहि करावा.

हें सगळें सांगून झालें तरी घरांत बसून जो प्रश्न सोडवावा लागतो तो वेगळाच असतो. या तालुक्यांतल्या एका मुलीची गोष्ट सांगतों. नांव सांगत नाहीं. जाणणारे जाणतील, तरी त्यांनींहि तें आपल्यापाशींच ठेवावें. वडील प्राथमिक शिक्षक, निवृत्त झालेले. आई मधुमेहानें थकलेली. मुलगी मलकापुरांत शाळा शिकली, मग कोल्हापूरला वसतिगृहांत राहून एम्. एस्सी. आणि डॉक्टरेट झाली. त्यानंतर दोन वर्षें एका कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवीत होती. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांना सांगतों: तास घेतला तर पैसे, सुट्टी असेल तर नाहीं, बिलें निघतात तीं वर्षाच्या शेवटीं, कधीं त्याच्याहि नंतर, आणि पुढच्या जूनमध्यें पुन्हां मुलाखत. डॉक्टरेट झालेलीं हजारों मुलें महाराष्ट्रांत आज अशा तासांवर उभीं आहेत, आणि त्यांच्यापुढें ‘कायमची जागा निघेल’ हें वाक्य वर्षानुवर्षें टांगलेलें आहे.

तिला दक्षिण कोरियांतून पत्र आलें. एक वर्षाची नेमणूक, काम समाधानकारक असेल तर आणखी एक वर्ष. तीन आठवड्यांत होकार कळवावयाचा. त्याच सुमारास एक स्थळ आलें होतें, चांगलें होतें, आणि त्या मंडळींची अट एकच: परदेशीं जाऊं नये. थोरला भाऊ म्हणाला, अशीं पत्रें पुन्हां येतील, स्थळ येणार नाहीं. चुलते म्हणाले, एका वर्षासाठीं एवढा खटाटोप कशाला. आई कांहींच बोलली नाहीं. वडील मजकडे आले आणि म्हणाले, “सर, तुम्ही सांगाल तसें करतों.”

मीं त्यांना सांगितलें कीं, हें मी सांगावयाचें नाहीं, तुम्हींहि नाहीं; पण विचारावयाचे प्रश्न मी देतों. पत्रांत पगार लिहिला आहे काय, आणि तो प्राध्यापकाच्या अनुदानांतून कीं विद्यापीठाकडून? अनुदान केव्हां संपतें? विमा आहे काय, राहण्याची सोय कोण करतें? त्या प्रयोगशाळेंतून याआधीं गेलेलीं माणसें आज कोठें आहेत? आणि तेथें काम करून आलेल्या एखाद्या मुलीशीं, मुलाशीं नव्हे, मुलीशीं, फोनवर बोलतां येईल काय? हे प्रश्न मुलीनें विचारले. चार दिवसांत उत्तरें आलीं, एक सोडून सगळीं समाधानकारक. अनुदान चौदा महिन्यांत संपणार होतें, आणि तें प्राध्यापकानें प्रामाणिकपणें सांगितलें.

वडिलांना मीं त्या वेळीं आणखी एक गोष्ट सांगितली. मुंबईच्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, १९३७ सालीं केंब्रिजला संशोधनासाठीं गेल्या आणि १९३९ मध्यें जीवरसायनाची डॉक्टरेट घेऊन परतल्या. तेव्हां विमान आणि फोन सामान्य घराच्या आवाक्यांत नव्हते, आणि पत्रालाहि बराच वेळ लागे. एका मराठी घरानें ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीं जें मानवून घेतलें तें आज मलकापुरांतल्या घराला जड जाऊं नये, असें मला वाटलें. तरी हें सांगतांना मला हेंहि ठाऊक होतें कीं, त्या घरांत वडील आणि चुलते दोघेहि रसायनशास्त्र शिकलेले होते, आणि या घरांत डॉक्टर झालेली पहिलीच ही. तुलना बरोबरीची नव्हती.

मुलगी गेली. स्थळ मोडलें. चौदा महिन्यांनीं अनुदान संपलें तेव्हां तिनें आधींच तेथल्याच दुसऱ्या एका शहरांतल्या प्रयोगशाळेशीं बोलून ठेवलें होतें, कारण संपण्याची तारीख तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. आई या काळांत दोनदां इस्पितळांत होती, आणि दुसऱ्या वेळीं मुलगी येऊं शकली नाहीं. याचा हिशेब कोणत्या वहींत मांडावा तें मला समजत नाहीं. वडील सांगतात, आई रोज रात्रीं फोनवर तिला विचारते, जेवलीस काय? पगार किती, हें तिनें अजून विचारलेलें नाहीं.

परत येण्याच्या वाटा कोणत्या, हें त्या घरानें मला आतां विचारण्यास सुरुवात केली आहे. केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ अध्यापक योजना आहे. पांच वर्षें पगार आणि संशोधनाचें अनुदान मिळतें, पण कायमची जागा मिळेलच असें नाहीं. हिंगोली जिल्ह्यांत गुरुत्वतरंग टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेथें पुढें निर्वात पात्रें, लेसर आणि आरशांवरचे लेप जाणणारीं माणसें लागतील. लेप म्हणजेच पातळ थर. कोल्हापुरांत चंचुपात्रापाशीं शिकलेली मुलगी औंढा नागनाथाजवळच्या वेधशाळेंत काम करील काय, हें सांगतां येत नाहीं. पण तिनें तेथील जाहिरातींवर नजर ठेवावी एवढें मीं कळविलें आहे.

वेळ संपत आली, म्हणून शेवटीं कागदपत्रांचें एक काम सांगून ठेवतों, कारण त्यापायीं हातीं आलेली नेमणूक लांबणीवर पडलेली मीं पाहिली आहे. आपल्या गुणपत्रिकांवर आडनांव आधीं छापतात, मग नांव, मग वडिलांचें. पारपत्रावर क्रम निराळा असतो, आणि मुलींच्या बाबतींत लग्नानंतर तर आणखी घोळ होतो. परदेशांतला कारकून हीं दोन वेगळीं माणसें समजतो. तेव्हां पारपत्र काढतांनाच पदवीवरचें नांव अक्षराक्षरानें जुळवून घ्यावें. दुसरें, कोरियाच्या संशोधन परवान्यासाठीं पदवी-प्रमाणपत्रावर परराष्ट्र मंत्रालयाची ‘अपोस्टिल’ नांवाची मोहोर लागते, आणि त्याआधीं राज्य सरकारचा शिक्का. या दोन शिक्क्यांना मिळून तीन आठवडे सहज जातात, आणि पत्रांतली मुदतहि बहुधा तीनच आठवड्यांची असते. पदवीदान समारंभ झाला कीं त्याच महिन्यांत हे शिक्के उमटवून प्रमाणपत्र कपाटांत ठेवून द्यावें. मग पत्र केव्हांहि येवो.